शर्यतीला भाडेपट्टा, भूमिहीनाला नोटीस!

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची 211 एकर जमीन शासनाची आणि महापालिकेची, म्हणजेच जनतेची. टर्फ क्लबचा भाडेपट्टा 2013 साली संपला. शर्यती मात्र चालूच राहिल्या. 2024 साली शासनाने 120 एकर उद्यानासाठी घेतले आणि 91 एकर पुन्हा 30 वर्षांसाठी क्लबला दिले.

आता आमच्या गोंदिया जिल्ह्यातील भूमिहीनाकडे पाहा. गायरानावरील कब्जा 14 एप्रिल 1990 पूर्वीचा असल्याचा पुरावा दे, ही त्याला 1991 च्या शासन निर्णयाची अट. पुरावा नसला की तो अतिक्रमणदार! मुदत संपूनही दहा वर्षे जागा वापरणारा क्लब मात्र सन्माननीय भाडेकरू. संविधानाच्या कलम 14 मधील समानता ती हीच काय?

बाजारभावापेक्षा कमी भाडे आकारले, तर तेही सरकारी अनुदानच. म्हणून आमची मागणी आहे: करार, भाड्याचा दर आणि त्यामागचे जनहित शासनाने लेखी जाहीर करावे. पडीक जमिनीसाठी 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तुरुंगात गेलेल्यांच्या नातवंडांना हा जाब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. समाजबांधवांनो, माहिती अधिकाराचा अर्ज हाती घ्या!