सुरीवरचा मुलामा आणि भाषेचे पाणी

आपल्या समीक्षेत ‘मुलामा’ हा शब्द बहुधा निंदेसाठीच येतो. एखाद्या लेखनावर शैलीचा मुलामा आहे असे म्हटले, की आतला धातू हिणकस असणार हे गृहीत धरले जाते आणि तो मुलामा खरवडून काढणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते. ही उपमा आपण धातुकामातून उचलली. धातू हाताळणाऱ्यांचा अनुभव मात्र तिच्याबरोबर घेतला नाही. तो घ्यायचा तर भंडारा जिल्ह्यातले एखादे जुने स्वयंपाकघर पुरेसे आहे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात पितळेचे पातेले आणि पोलादाची विळी वर्षानुवर्षे शेजारी नांदत आली. एकीला लेप हवा असतो, दुसरीला नको असतो.

पातेल्याचे आधी पाहू. ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवले की त्यातले तांबे अन्नात उतरते, अन्न कळकते. म्हणून कल्हई. भांडे तापवायचे, नवसागराने आतला पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरायचे. हाही बाहेरून चढवलेला थरच. पण त्याला ढोंग म्हणणारा माणूस स्वयंपाकघरात भेटणार नाही. शिवाय कल्हई बसण्यासाठी खालचा धातू आधी निर्मळ करावा लागतो. मळावर कथील धरत नाही.

आता सुरी. पोलादी सुरी किंवा विळा बाजारात येतो तेव्हा त्याच्या पात्यावर पुष्कळदा वार्निशचा किंवा काळ्या रंगाचा थर असतो. तो दुकानासाठी असतो; गोदामातल्या दमट हवेत पाते गंजू नये एवढेच त्याचे काम. स्वयंपाकात तो निरुपयोगी, किंबहुना घातक, कारण त्याचे कपचे भाजीत उतरतात. म्हणून तो काढावा. वार्निश थिनरने सुटते. मग पॉलिश पेपरने, आधी जाड व नंतर बारीक, एकाच दिशेने पाते घासावे, धार आपल्यापासून दूर ठेवून. शेवटी बारीक राखेने जिल्हई करावी, पाते कोरडे करावे आणि लगेच तेलाचा हात फिरवावा. हे शेवटचे काम उद्यावर टाकता येत नाही. उघडे झालेले पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागते. लेप काढणारा माणूस लेपाची जबाबदारीही अंगावर घेत असतो.

या कामात दोन चुका होतात आणि दोन्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्याव्यात अशा आहेत. पहिली, चकाकीच्या हव्यासाची. वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर पाते दाबून धरले की ते तापते, कडेवर निळसर झाक येते आणि पोलादाचे पाणी उतरते. मराठीत ‘पाणी’ हा शब्द हत्याराला भट्टीत दिलेल्या कठीणपणासाठी येतो आणि तेजासाठीही येतो. आपण मोत्याचे पाणी म्हणतो, तलवारीचेही म्हणतो. एकाच शब्दात दोन्ही सामावल्यामुळे वरचे पाणी चढवताना आतले पाणी गेले, हे आपल्या चटकन ध्यानात येत नाही. सुरी आरशासारखी दिसते आणि टोमॅटो कापता कापता बोथट होते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक काळा थर मळ समजण्याची. कांदा, कैरी, आवळा, सुपारी कापणारे पाते हळूहळू करडे-काळे होते. फळांतले आम्ल आणि टॅनिन लोहाशी संयोग पावून हा थर बनतो. तांबडा गंज लोखंड खात जातो. हा काळा थर त्याला बऱ्याच अंशी अडवतो. विशेष म्हणजे हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी जी काळी शाई करीत, तिचे रसायन हेच. अडकित्त्यावरची काळिमा आणि पोथीवरचे अक्षर यांचे नाते असे जवळचे आहे. चकचकीत स्टेनलेस पाते तरी कुठे उघडे असते? त्यातले साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम हवेशी संयोग पावून स्वतःचाच एक अतिसूक्ष्म थर धारण करते. म्हणजे थराविना धातू नाहीच. तो थर बाहेरून आला की वापरातून, आणि तो कोणते काम करतो, एवढेच विचारायचे असते.

हा प्रश्न भंडाऱ्यात भाषेलाही विचारता येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून झाडीपट्टी होते. तिथल्या झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘डोळा’ तिथे ‘डोरा’ होतो. दंडार, खडी गंमत यांची ती भाषा आहे, आणि साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा शब्दकोश सिद्ध करून तिला अभ्यासाच्या कक्षेत आणले. तरीही वर्गात विद्यार्थ्याच्या तोंडून ‘पानी’ आले की आपला हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. ज्याला आपण मळ समजतो, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने धरलेली काळिमा असते.

याचा अर्थ प्रमाणभाषा हा खोटा मुलामा आहे असा मात्र नव्हे. दूरच्या जिल्ह्यातल्या अनोळखी वाचकापर्यंत, कचेरीपर्यंत, परीक्षकापर्यंत मजकूर न कळकता पोचावा यासाठी ती कल्हईचे काम करते, आणि ती कल्हई विद्यार्थ्याला नाकारणे हा अन्यायच होईल. माझा आक्षेप एवढाच, की दंडारीतले संवाद छापताना, कथेतले पात्र बोलताना, मुलगा आपल्या घराविषयी लिहिताना आपण तीच कल्हई चढवतो. ती विळीच्या पात्यावर कथील लावण्यासारखी आहे; त्याने धार तेवढी जाते.

बोलीच्या कैवाऱ्यांनाही हे लागू आहे. बोलीतले अस्सल शब्द वेचून, घासूनपुसून संमेलनात मांडले आणि घरी मुलांशी त्या बोलीत बोलणे सोडले, तर ती भिंतीवर टांगलेली आरशासारखी सुरी झाली. तिला तेलाचा हात कोण लावणार? बोली टिकते ती कांदा चिरणाऱ्या पात्यासारखी, रोजच्या ओल्या हातांत. म्हणून शिक्षकाने खाडाखोडीची लाल शाई उचलण्यापूर्वी आपण कथील लावतो आहोत, वार्निश काढतो आहोत की काळिमा खरवडतो आहोत, एवढे स्वतःला विचारावे. तिन्ही कामे हाताला सारखीच भासतात. परिणाम मात्र वेगवेगळे होतात, आणि ते विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरतात.