वाचणाऱ्याला ऐकणारा हवा



शाळा चालू असते तेव्हा आपण रोज वाचतो. बाई फळ्यावर लिहितात, ते आपण वाचतो. गुरुजी उभे करतात आणि आपण धडा वाचतो. पण शाळा बंद झाली की वाचणे पण बंद होते. मे महिन्याची सुट्टी जवळजवळ दीड महिना असते. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की वस्तीवरच्या मुलांना दोन-दोन दिवस शाळेत येता येत नाही. आपल्या वर्गातली काही मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागतानाच परत येतात. या सगळ्या दिवसांत कोण वाचते? फार थोडे वाचतात. मोठी माणसे म्हणतात, "पोरांना वाचायचा कंटाळा." माझे मत असे आहे की मुलांना वाचायचा कंटाळा नसतो. एकट्याने वाचायचा कंटाळा असतो. घरी वाचणाऱ्या मुलाला ऐकणारे माणूस पाहिजे.

हे मी का म्हणते ते सांगते. सन २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनामुळे आपल्या राज्यातल्या शाळा बंद झाल्या. मी तेव्हा चार वर्षांची होते. माझी ताई दुसरीत होती. नंतर सरकारने खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करायला परवानगी दिली. म्हणजे बघा, शाळा बंद झाली तेव्हा ताईची दुसरी संपत आली होती आणि उघडली तेव्हा चौथी निम्मी होत आली होती. अख्खी तिसरी घरातच गेली.

त्या काळात शिकवणे बंद नव्हते. अभ्यास मोबाईलवर यायचा. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची. सोलापूरला नीलमनगर भागात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले रस्त्यात लांब लांब उभी राहून वाचायची. हे मला फार आवडले, कारण आपले भित्तिपत्रकही भिंतीवरच असते. पण आमच्या घरी मोबाईल एकच आणि तो वडिलांच्या खिशात. ते रानात गेले की मोबाईल पण रानात. रेंजसुद्धा देवळाच्या पारावर गेल्याशिवाय येत नव्हती.

तरी ताई वाचायला विसरली नाही. ते आजोबांमुळे, असे आई सांगते. आजोबांना फक्त सही येते. ते दुपारी बाजेवर पडून म्हणायचे, "वाच गं काहीतरी, येळ जाईना." ताई दुसरीचेच पुस्तक वाचायची. ती थांबली की आजोबा विचारायचे, "मग फुडं काय झालं?" पुढचे सांगायचे म्हणून ताई पुढचे वाचायची. पुस्तक संपले की शेजारून दुसरे मागून आणायची. दुकानातून पुडीला बांधून आलेले कागदसुद्धा तिने वाचून दाखवले. शाळा उघडली तेव्हा आमच्या गल्लीतली काही मुले जोडाक्षरापाशी अडत होती. ताई अडली नाही. ती फार हुशार होती म्हणून नाही. तिचे रोज कोणीतरी ऐकत होते म्हणून.

मोबाईल वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, त्यावर मोबाईल धरला की धड्याची माहिती दिसते. बालभारतीचे 'किशोर' मासिक सन १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. हे चांगलेच आहे. पण आपण कुठे अडलो ते मोबाईलला कळत नाही. आपण वाचायचे सोडून दिले तरी तो "मग पुढं काय?" असे विचारत नाही. उलट मध्येच दुसरे चित्र येते आणि आपण तिकडेच जातो. म्हणून मोबाईलवर वाचायचे असले तरी शेजारी कोणीतरी बसले पाहिजे.

काही पालक म्हणतील, आम्हांला वाचता येत नाही, आम्ही पोरांना काय शिकवणार? पालकांनो, तुम्ही शिकवायचे नाहीच. फक्त ऐकायचे. ऐकायला शाळा शिकावी लागत नाही. आई भाकरी थापताना ऐकू शकते. वडील धार काढताना ऐकू शकतात. रोज दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. पण रोज पाहिजे.

ऐकताना काही गोष्टी पाळाव्यात. मूल अडले तर लगेच ओरडू नये. थोडे थांबावे. ते पुन्हा वाचते आणि पुष्कळ वेळा त्याचे त्यालाच येते. "तो शेजारचा बघ कसा घडाघडा वाचतो," असे म्हणू नये. असे म्हटले की वाचायची इच्छाच जाते. तेच पुस्तक परत आणले तरी हसू नये. आवडलेली गोष्ट आपण आजीकडून दहा वेळा ऐकतोच की.

मित्रमैत्रिणींनो, आपणही काही करायचे आहे. घरात पुस्तक नाही असे सांगून बसू नये. बियाण्याची पिशवी, खताचे पोते, डेअरीची पावती, लग्नपत्रिका, कॅलेंडरची मागची बाजू, हे सगळे वाचायचेच असते. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर किती पाण्यात किती औषध घालायचे आणि ते कधीपर्यंत चालते ते लिहिलेले असते. बाटलीला हात न लावता ते वडिलांना वाचून दाखवले तर त्यांचाही उपयोग होतो.

दुसरे असे की आजीने सांगितलेली गोष्ट वहीत लिहावी आणि दुसऱ्या दिवशी तिलाच वाचून दाखवावी. मी असे करते. माझे काही राहिले तर आजी म्हणते, "आगं, कोल्हा न्हवता, लांडगा हुता." मग मी खोडून परत लिहिते. यात लिहिणे पण होते आणि वाचणे पण होते. आता माझ्या वहीत अकरा गोष्टी झाल्या आहेत. तिसरे असे की चौथीच्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या पहिली-दुसरीच्या दोन मुलांचे वाचन ऐकावे. खेळायच्या आधी दहा मिनिटे द्यावीत. खेळ काही पळून जात नाही.

आता मुख्य गोष्ट लिहिते. ऐकणारे माणूस मिळाले तरी पुस्तक पाहिजे. आपल्या वाचनालयाच्या कपाटात गोष्टींची पुस्तके आहेत. पण सुट्टी लागली की कपाटाला कुलूप लागते. म्हणजे ज्या दीड महिन्यात आपल्याला वाचायला वेळ असतो, त्याच दीड महिन्यात पुस्तके कोंडलेली असतात. मोठी माणसे म्हणतात, पुस्तके घरी दिली तर फाटतील, हरवतील. एखादे फाटेल, हे खरे आहे. पण फाटलेले पुस्तक चिकटवता येते. कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकाला वाळवी लागली तर ते कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार नावाचे गाव आहे. ते ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. तिथे लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांची कपाटे ठेवली आहेत आणि कोणीही जाऊन बसून फुकट वाचू शकते. भिलारचे लोक परक्या माणसाला घरात घेऊन पुस्तक देतात, तर आपल्याच गावातली मुले आपल्याच शाळेची पुस्तके घरी का नेऊ शकणार नाहीत?

म्हणून माझी सूचना अशी आहे. सुट्टीत प्रत्येक मुलाला दोन पुस्तके घरी द्यावीत. एक वही करावी आणि तिच्यात मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि नेल्याची तारीख लिहावी. ती वही चौथीची मुले सांभाळतील. वाचून झाले की गल्लीतल्या गल्लीत पुस्तके बदलून घ्यावीत. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना निघताना चार पुस्तके द्यावीत, कारण कोपीवर पुस्तक मिळत नाही. ती परत येतील तेव्हा वर्गात मागे पडणार नाहीत आणि त्यांना वर्गात बसायची लाज वाटणार नाही.

हे ठरवणे अवघड नाही. शाळा व्यवस्थापन समितीत १०० पैकी ७५ जागा पालकांच्याच असतात, असा नियम आहे. म्हणजे समितीतली बरीच माणसे आज ही भिंत वाचायला आलेली असतील. त्यांना माझी नम्र विनंती आहे की येत्या सभेत सुट्टीच्या आधी हा विषय घ्यावा. आणि बाकीच्या आईवडिलांना एवढेच सांगणे आहे की आज घरी गेल्यावर मुलाला "किती मार्क पडले?" असे विचारण्याआधी "काय वाचलंस? मला वाचून दाखव," असे म्हणा.

एवढे लिहून माझे मत पुरे करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी