कूलर गार, आजी गरम!

उन्हाळा आला की ऑफिसात एसीवरून दोन पार्ट्या पडतात. डक्टच्या तोंडाखाली बसणारे जर्किन घालून कीबोर्ड बडवतात आणि कोपऱ्यातले फाइलने वारा घेतात. रिमोट कुणाच्या हातात, यावरून भल्याभल्यांची दोस्ती तुटायची वेळ येते. मशीन एक, हवा एक, मग एकाला हुडहुडी आणि दुसऱ्याला घाम, असं का? ऑफिसात निदान अ‍ॅडमिनला मेल टाकता येतो. पण हाच लोचा घरी झाला तर? आणि ते घर बीडला असेल तर?

मी मूळची बीडची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो आणि हवा अशी कोरडी, की धुतलेला टॉवेल बघता बघता पापड होतो. अशा हवेत कूलरसारखा दोस्त नाही. फंडा सिंपल आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली, की साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून कमी होते. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ओल्या पॅडमधून येणारी हवा २६ अंशांच्या आसपास मिळते. तेही एक पंखा आणि एक छोटा पंप एवढ्याच खर्चात. एसीने जळावं असा हिशोब!

आमच्या घरी खिडकीतला कूलर गेला आणि गच्चीवर मोठा डक्टवाला आला. गच्चीवरून पत्र्याचा डक्ट पश्चिमेच्या भिंतीने खाली उतरतो आणि ओळीने तीन खोल्यांत जाळ्या सोडतो. आधी हॉल, मग बेडरूम आणि सगळ्यात शेवटी आजीची खोली. हॉलमध्ये पाहुणे म्हणायचे, ‘वा, महाबळेश्वर!’ आजी म्हणायची, ‘वारा येतोय गं, पण चुलीपुढं बसल्यावानी.’

घरात कुणी ते फार मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीही केलं तरी उकडतंच, हे आपलं ठरलेलं उत्तर. खरं तर उलट आहे. वय वाढलं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. शरीर तापलेलं असतं, पण तक्रार उशिरा होते. त्यामुळे आजी ‘उकडतंय’ म्हणाली, तर ती किरकिर नसते, अलार्म असतो. मेकॅनिक आला, पंख्याला कान लावला आणि म्हणाला, ‘मॅडम, मशीन एक नंबर हाय. आजींच्या खोलीला वेगळा एसी घ्या की!’ म्हणजे तीस-चाळीस हजारांचा फटका, वर दर महिन्याचं बिल.

त्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणला. दुपारी तीन वाजता तिन्ही जाळ्यांसमोर पाच-पाच मिनिटं धरला. हॉल २७, बेडरूम २८, आजीची खोली ३१. मग प्रत्येक जाळीसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरली. हॉलमध्ये ती झेंड्यासारखी फडफडली, आजीकडे जेमतेम हलली. म्हणजे दुखणी दोन होती. आजीपर्यंत हवा कमी पोचत होती आणि जी पोचत होती ती वाटेत तापत होती.

तापण्याचं कारण समोर भिंतीवरच होतं. उघडा पत्रा, त्यावर दुपारनंतरचं थेट ऊन. आत हवा रेंगाळत चालली असेल, तर तिला तापायला भरपूर वेळ. आधी डक्टला फोमचं आवरण गुंडाळलं आणि त्यावर शेतात लावतात ती हिरवी शेडनेट ताणून बांधली.

हवा कमी का पोचत होती? एक तर हॉलच्या जाळीच्या पाकळ्या सताड उघड्या. जवळचं दार उघडं दिसल्यावर हवा लांबच्या खोलीपर्यंत कशाला जाईल? त्या पाकळ्या निम्म्या मिटल्या. आणि खरी गोम होती आजीच्या खिडकीत. धूळ येते, मांजर येतं, म्हणून ती कायम बंद. वरून दारही लावलेलं. मंडळी, भरलेल्या तांब्यात आणखी पाणी ओतून बघा, तसंच हे. खोलीतली जुनी हवा बाहेर जायला वाट नसेल, तर नवी आत शिरणार कुठून? शिवाय कूलरची हवा ओलसर. ती कोंडली की चिकचिक वाढते आणि घाम वाळत नाही. खिडकीला बारीक जाळी ठोकून ती चार बोटं उघडी ठेवली. पट्टी फडफडली! दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आजीच्या जाळीवर आकडा होता २८.

हे बीडपुरतं नाही हं. युरोपातल्या थंड देशांत कितीतरी घरांत हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन नावाचं यंत्र असतं. घराबाहेर जाणारी उबदार शिळी हवा जाता जाता आपली ऊब आत येणाऱ्या गार ताज्या हवेला देते, दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. तिथेही कुणीतरी म्हणतंच, ‘हॉल मस्त, माझी खोली गारठलेली.’ तिथला तंत्रज्ञही फिल्टर तुंबलाय का, येणारी आणि जाणारी हवा सारखी आहे का, माळ्यावरच्या डक्टला आवरण आहे का आणि दाराखाली फट आहे का, हेच बघतो. ऋतू उलटा, तपासणी तीच. आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना छतात सवणं ठेवायचे, उजेड आत यायला आणि धूर, गरम हवा वर निघून जायला. हवेला बाहेरची वाट लागते, हे त्या घरांनाही ठाऊक होतं.

आणखी एक भानगड, पाण्याची. मोठा कूलर तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज पितो. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. अशा भागात गार हवा रिकाम्या हॉलमध्ये वाया घालवणं म्हणजे सरळसरळ पाणी सांडणं. त्यात बोअरचं पाणी क्षारांचं. पॅडवर पांढरे थर चढतात, पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बुजतात, पॅडचे पट्टे कोरडे राहतात आणि त्यातून गरम वारा थेट घरात.

तर घरच्यांना फॉरवर्ड करायला ही चेकलिस्ट:

१. दुपारी एकाच वेळी प्रत्येक जाळीसमोरचं तापमान लिहा. अंदाज नको, आकडा हवा.
२. कागदाची पट्टी धरून वारा कुठे कमी आहे ते बघा.
३. प्रत्येक खोलीतून हवा बाहेर जायला खिडकी किंवा फट आहे का?
४. जवळच्या जाळ्या थोड्या मिटा, लांबच्या पूर्ण उघडा.
५. उन्हातल्या डक्टला आवरण आणि सावली द्या.
६. पॅड सगळीकडून सारखं भिजतंय का? नळीची भोकं साफ करा, टाकीतलं पाणी अधूनमधून बदला.
७. हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कूलरचा शॉक जीव घेतो.

आणि जूनमध्ये कूलर चालेनासा झाला, तर त्याला शिव्या घालू नका. बाहेर ३६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल, तर उत्तम कूलरही ३० अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. तो दोष मशीनचा नाही, ढगांचा आहे.

आपण इथे पुण्या-मुंबईत, आई-बाबा तिकडे. फोनवर विचारतो, ‘कूलर चालू आहे ना?’ उत्तर येतं, ‘हो रे, मस्त चाललाय.’ विषय संपला! पण कूलर चालणं वेगळं आणि वारा पोचणं वेगळं. बहुतेक घरांत सगळ्यात मागची, सगळ्यात शांत खोली सगळ्यात वयस्कर माणसाला दिलेली असते आणि डक्ट तिथेच येऊन संपतो. म्हणून या वीकेंडच्या फोनवर प्रश्न जरा बदला. फोन आजीला द्यायला सांगा आणि विचारा, ‘तुझ्या खोलीत गार वारा येतो का गं?’