नवी विकून जुनी घेतली म्हणजे दिवाळं निघालं नव्हे

आपल्या ग्रुपवर जुन्या बेळगावच्या आठवणी चालतात. आज आठवणीबरोबर थोडं मतही लिहितो. वाद होणार हे माहीत आहे, होऊ दे.

विषय गाडीचा. माझ्या पुतण्यानं आपली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय विकली आणि त्या जागी २०११ सालची बीएमडब्ल्यू ३३०आय घेतली. म्हणजे सात वर्षांची गाडी देऊन पंधरा वर्षांची आणली, आणि वर दोन लाख रुपये घातले. घरात भूकंप झाला. धाकटा भाऊ मला फोनवर म्हणाला, "दादा, तूच सांग त्याला. नवी विकून जुनी घेणारा आपल्या घराण्यात हाच पहिला निघाला." गल्लीतल्या दोघा-तिघांनी तर "पोराचा धंदा बरा चाललाय न्हवं?" असं काळजीनं विचारलंही. भाऊ दोन महिने झाले तरी त्या गाडीत बसलेला नाही.

मी निवृत्त बँक अधिकारी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा बी.कॉम. गाड्यांच्या कर्जाचे अर्ज मी आयुष्यभर बघितले. म्हणून हा निवाडा माझ्याकडं आला. तो इथं जाहीरच देतो, कारण प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही.

आधी ह्या दोन गाड्या काय आहेत ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं जावं. पोलो जीटी ही 'हॉट हॅच' म्हणतात त्या जातीची. लहान गाडी, मागचं दार वर उघडणारं, आणि अंगापेक्षा इंजिनाची ताकद जास्त. हा प्रकार गाजला तो १९७६ साली जर्मनीत गोल्फ जीटीआय आली तेव्हापासून. पोलो जीटीचं इंजिन १.२ लिटरचं, टर्बो लावलेलं, १०५ हॉर्सपॉवरचं. वजन अकराशे किलोच्या आसपास. गाडी चाकणची, पुढच्या चाकांवर चालणारी. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज १९७५ पासूनची. म्हणजे दोन्ही घराणी साधारण मी बँकेत लागलो त्या सुमारास जन्मली. पुतण्याची गाडी चार दारांची सलून, तीन लिटरचं इंजिन, एका सरळ रांगेत सहा सिलिंडर, ताकद अडीचशे हॉर्सपॉवरच्या वर, वजन दीड टनाच्या पुढं. आणि मुख्य म्हणजे ताकद मागच्या चाकांना.

आता मागच्या चाकांचं एवढं काय कौतुक, असं तरुण मंडळी विचारतील. आमच्या पिढीला ते शिकवावं लागत नाही. अ‍ॅम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी, काँटेसा, ११८ एनई, सगळ्या मागच्या चाकांवर चालायच्या. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्या पोराच्या पायात तो उंचवटा यायचा, आठवतो का? त्याच्याखालून प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत जायचा. घरात सगळ्यात लहान असेल त्याच्या नशिबी ती जागा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिनं घराघरात पुढच्या चाकांची गाडी आणली आणि तो उंचवटा गेला. गाडी हलकी झाली, आत जागा झाली, पेट्रोल वाचलं. मध्यमवर्गाचं भलं झालं, यात शंका नाही.

पण त्यात एक तडजोड होती. पुढच्याच चाकांनी गाडी ओढायची आणि वळवायचीही त्यांनीच. एकाच कारकुनाला कॅश आणि क्लिअरिंग दोन्ही टेबलं दिली तर जे होतं तेच इथं होतं. रोजच्या कामात जाणवत नाही, गर्दी झाली की जाणवतं. वळणावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं बाहेर पळू बघतात, आणि ताकद जास्त असली तर स्टिअरिंग हातात ओढ घेतं. मागच्या चाकांच्या गाडीत काम वाटलेलं असतं. पुढची वळवतात, मागची ढकलतात. गाडी वेग घेते तेव्हा भार मागं सरकतो, म्हणजे जिथं ताकद जाते तिथंच पकड वाढते. १९८६ साली मी घेतलेली जुनी पद्मिनी पाच माणसं आणि वर कॅरिअरला बिछाने घेऊन आंबोलीचा चढ चढायची, ती त्याच हिशोबावर. ट्रक आणि मोठ्या बसगाड्या आजही मागच्या चाकांवर चालतात, ते काही हौस म्हणून नव्हे.

पुतण्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामं करतो. त्याचा दिवस मायक्रॉनमध्ये जातो. हे सगळं मी त्याला सांगायच्या आधी त्यानं मला सांगितलं. म्हणाला, "काका, एकदा बसा, मग बोला." जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत जाऊन आलो. मी वेगाचा माणूस नाही, आणि त्यानंही पोरकटपणा केला नाही. पण वळणात शिरताना गाडी कशी शांत बसते आणि वळणातून बाहेर पडताना मागून कशी अलगद ढकलते, ते मला सीटवर कळलं. आवाज इंजिनाचा, गडबड कसली नाही.

असो. आनंद ही एक बाजू झाली. आता हिशोब.

भावाचं म्हणणं काय होतं? पोलो द्यायचीच होती तर नवी एसयूव्ही घ्यायची, अठरा लाखाची. चार लाख रोख भरायचे, चौदा लाख कर्ज. ठीक आहे. चौदा लाख, नऊ टक्के, सात वर्षं. हप्ता साडेबावीस हजार. पहिल्या पाच वर्षांत नुसतं व्याज साधारण चार लाख पंचेचाळीस हजार. गाडीची किंमत किती उतरते? विम्याचा घसारा सगळ्यांना माहीत असायला हवा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष होईपर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. म्हणजे अठरातले नऊ लाख गेले. सर्व्हिसिंगचे एक लाख धरा. झाले जवळजवळ साडेचौदा लाख. लाईफटाईम टॅक्स वेगळाच.

बीएमडब्ल्यू साडेआठ लाखाला आली. पाच वर्षांनी पाच लाख आले तरी साडेतीन गेले. दुरुस्तीला वर्षाला सव्वा लाख मी मुद्दाम सढळ धरले, म्हणजे सव्वासहा. पेट्रोल? पोलो तेरा द्यायची, ही आठ देते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर जास्तीचं पेट्रोल पन्नास हजारांचं, पाच वर्षांचे अडीच लाख. बेरीज सव्वाबारा लाख.

आणि तिसरा रकाना, जो भावानं मांडला नाही आणि पुतण्यानंही नाही: पोलोच ठेवली असती तर? किंमत उतरून साडेतीन आणि दुरुस्ती दीड, पाच लाखांत पाच वर्षं निघाली असती. विमा मी तिन्हीकडं धरलेला नाही.

तेव्हा बचतीच्या गोष्टी दोघांनीही करू नयेत. बचत पोलोत होती. पोलो सोडल्यावर दोघंही हौसेलाच पैसे घालत होते. फरक इतकाच की नवी एसयूव्ही दाराशी लागली असती तर पेढे वाटले असते आणि त्याला 'प्रगती' म्हटलं असतं. जुनी बीएमडब्ल्यू आली, तिला 'वेडेपणा' म्हणतात. खर्च तर तिच्यात कमीच दिसतोय, आणि डोक्यावर हप्ता नाही.

माझं मत इथंच आहे. आपल्या गावात माणूस गाडीवरून मोजतात. नवी गाडी म्हणजे धंदा वर, जुनी म्हणजे धंदा खाली. पस्तीस वर्षं बँकेत काढून सांगतो, हा ताळा जुळत नाही. दाराशी चकचकीत गाडी आणि खात्यात तीन हप्ते थकलेले, अशी प्रकरणं टेबलावर यायची. आणि घासलेल्या लूनावरून येऊन मुदत ठेवीच्या पावत्या नूतनीकरणाला देणारे आजोबाही यायचे. गाडी ही वापरायची वस्तू आहे, ती रोज झिजते. झिजणारी वस्तू शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी कर्जानं घेण्यापेक्षा, आपल्याला मनापासून हवी ती, आपल्या पैशानं, झिजणार हे ठाऊक असून घेतली, यात मला कमीपणा दिसत नाही.

पण म्हणून "घ्या रे सगळ्यांनी जुन्या जर्मन गाड्या" असं मी म्हणत नाही. पुतण्याला चार अटी घातल्या आहेत, त्या इथंही लिहितो.

पहिली, तरतूद. बँक बुडीत कर्जांसाठी आधीच पैसे बाजूला काढते, तसं. नव्या गाडीचा खर्च हप्त्यानं येतो, जुनीचा एकदम येतो. पंधरा वर्षांत रबर, प्लास्टिक, गॅस्केट म्हातारी होतात. पाण्याचा पंप, सस्पेन्शनची बुशं, तेलगळती हे येणारच. दोन लाख वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. ज्याला हे जमत नाही, त्यानं असली गाडी घेऊ नये. एवढी स्वस्त मिळते ती का, हे त्यानं समजून घ्यावं. खरेदीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही.

दुसरी, कागद. आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आपण सीमेवरची माणसं, म्हणून आणखी एक. पुण्यात एक गाडी लाखानं स्वस्त मिळत होती. पण एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की केए नंबर घ्यावा लागतो, आणि इथला टॅक्सही भरावा लागतो. म्हणून त्यानं बेंगळूरची, केए पासिंगचीच शोधली. दिल्लीत जुन्या गाड्यांवर निर्बंध आले तशा तिकडच्या गाड्या स्वस्तात खाली येऊ लागल्या, त्यांच्या मोहात तर पडूच नका. आणि पंधरा वर्षं भरली की आर.सी.चं नूतनीकरण, पाच हजार फी, गाडी तपासणीला न्यायची, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. हे धरून चाला.

तिसरी, पाऊस. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते चोर्ला आणि आंबोली ओळखणाऱ्याला सांगायला नको. ओल्या वळणावर मागच्या चाकांना जास्त ताकद दिली की गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. ह्या गाडीत ते आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, पद्मिनीत नव्हती. ती यंत्रणा घाटात बंद करायची नाही. आणि टायर बघायचे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांवरचा टायर काढून टाकायचा. पुतण्यानं गाडी घेतल्या आठवड्यातच चारही बदलले, तेव्हा मला त्याच्यावर विश्वास बसला.

चौथी अट सगळ्यात महत्त्वाची. घरातली एकुलती एक गाडी ही असू नये. आमच्या भावजयीचे गुडघे दुखतात. ती सीट खाली आहे, बसताना वाकावं लागतं, उठताना हात द्यावा लागतो. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं झालं आणि गाडी पार्टसाठी आठवडाभर गॅरेजमध्ये, असं चालणार नाही. आईबापांची सोय मोडून स्वतःची हौस नाही, हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं. त्यानं मित्राकडून जुनी वॅगनआर घेतली. उंच सीट, सरळ बसायचं, सरळ उतरायचं. भावजय तिच्यातून बाजारला जाऊ लागली आहे.

चारही अटी पाळल्या गेल्या. म्हणून माझा निवाडा पोराच्या बाजूनं.

आता भावासारख्या माझ्या पिढीच्या मंडळींना दोन शब्द. आपण गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलो. मिळेल तो रंग, मिळेल ते मॉडेल घेतलं. म्हणून नवं कोरं मिळणं हेच आपल्याला यश वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण आपली पोरं त्या रांगेत उभी नव्हती. त्यांना नवं कधीही मिळतं, त्यांना चांगलं काय ते निवडायचं असतं. तो दारू पीत नाही, कुणाचे पैसे बुडवत नाही, रविवारी सकाळी सहाला उठून बॉनेट पुसतो. त्याच्याशी बोलणं टाकण्याइतका हा गुन्हा आहे का? दोन महिने बाप-लेक जेवणाच्या ताटावर मुकाट बसतात, त्याचा घसारा कुठल्या तक्त्यात धरायचा?

मला वाटतं ते मी लिहिलं. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल लिहावं, फक्त आकडे घालून लिहावं. आणि ज्यांच्या घरी अ‍ॅम्बेसिडर, फियाट, काँटेसा होती, त्यांनी गाडीचा नंबर आणि मधल्या उंचवट्यावर कोण बसायचं ते जरूर सांगावं. आमच्याकडं तो मान ह्याच धाकट्या भावाचा होता.