स्वस्त उपचार झाले, पण विमान सुटल्यावर काय?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. टेक्सासहून मावसबहीण बोलत होती. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. म्हणाली, "अरे, जरा त्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. मला कुठल्या कंपनीचे इम्प्लांट बसवलेत ते विचार. त्याशिवाय इथला डॉक्टर हात लावायला तयार नाही."

ताई डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी आली होती. दोन लग्नं, नरसोबाची वाडी आणि चार दात, असा कार्यक्रम. तिकडे एका दाताला चार हजार डॉलर सांगितले होते आणि तिचा दातांचा विमा वर्षाला जेमतेम दीड हजार डॉलर देतो. इथे चारही दात दीड लाखात. कुणीही हेच केलं असतं.

दवाखाना मीच सुचवला होता. इतकंच नाही, 'उपचारांसाठी परदेशस्थ पाहुण्यांची आपल्या भागाला पसंती' अशी बातमी त्याच दवाखान्याचा फोटो टाकून मीच लावली होती. म्हणून आज हे लिहिणं माझ्यावर आलंय.

मी गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटला घेऊन या." पेशंट टेक्सासला आहे म्हटल्यावर तिने फाइल काढली. आत एक एक्स-रे आणि एक बिल. बिलावर 'इम्प्लांट, ४ नग'. कंपनी नाही, माप नाही. डॉक्टर भले गृहस्थ, पण त्या महिन्यात दोन कंपन्यांचा माल होता, बघून सांगतो म्हणाले. मी तीन चकरा मारल्या. तोवर तिकडे हिरडीत पू झाला होता. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी दोन इम्प्लांट काढून टाकले. एका कंपनीच्या स्क्रूला दुसरीची चावी चालेलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. वाचवलेले पैसे तिथेच गेले, वर दोन दातांची जागा रिकामी.

दोष कुणाचा? आमच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, की इम्प्लांट हाडात पक्कं व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, वरचा दात नंतर बसवू. ताई म्हणाली, "मी परत कधी येणार? आत्ताच बसवा." त्यांनी बसवले. काही पेशंटना लगेच बसवता येतातही. पण ते हाड बघून ठरवायचं असतं. इथे विमानाचं तिकीट बघून ठरलं. घाई तिची, होकार त्यांचा, आणि शिफारस माझी.

हे वाचून कुणी 'आपल्याकडचे डॉक्टर वाईट' असा अर्थ काढू नये. आम्ही मिरजेच्या आसपासची माणसं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट इथे येतायत. परगावी जाऊन उपचार घेणं आम्हाला नवीन नाही. पण बेळगावकडचा पेशंट टाका दुखला की दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत येऊ शकतो. ज्यांनी कापलं त्यांनाच दाखवू शकतो, गरज पडली तर भांडूही शकतो. टेक्सासच्या पेशंटला यातलं काहीच जमत नाही. फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

ताईच्या आसपासचे लोक भारतात येत नाहीत, ते सीमा ओलांडून मेक्सिकोत जातात. टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलला लागूनच पलीकडे मातामोरोस आहे. २०२३ साली तिथल्या दोन क्लिनिकांत कॉस्मेटिक ऑपरेशनं करून घेतलेल्यांना, बहुतेक बायकांनाच, बुरशीचा मेंदूज्वर झाला. पाठीच्या कण्यात भूल देताना बुरशी आत गेली होती. काही जणी दगावल्या. घरी परतल्यावर डोकं दुखायला लागलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरला काय शोधायचं हे सुरुवातीला कसं कळणार? दुसरं उदाहरण डॉमिनिकन रिपब्लिकचं. तिथे कॉस्मेटिक ऑपरेशन केल्यावर २००९ ते २०२२ या काळात ९३ अमेरिकन नागरिक मरण पावले, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने नोंदवलंय. त्यातल्या अलीकडच्या प्रकरणांत रक्ताची गुठळी किंवा चरबीचा कण फुप्फुसात अडकणं हे मोठं कारण निघालं. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झाल्यावर किमान दहा दिवस विमानात बसू नका, असं हीच संस्था सांगते. आठवड्याच्या पॅकेजात हे दहा दिवस कुठे बसतात?

आता आपल्या घरातलं. २०१० साली 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात एक संशोधन आलं. बहुतेक अँटिबायोटिकांना दाद न देणारं जंतूंमधलं एक जनुक, नाव एनडीएम-१. त्यातल्या 'एनडी'चा अर्थ नवी दिल्ली. भारत-पाकिस्तानात उपचार घेऊन ब्रिटनला परतलेल्या काही पेशंटांमध्ये ते सापडलं होतं. आपल्याकडे गदारोळ झाला तो नावावरून. मेडिकल टुरिझम बदनाम करण्याचा डाव आहे असं आपण म्हणालो. मीही तेव्हा अशीच एक तावातावाची बातमी केली होती. राजधानीचं नाव जंतूला देणं चूकच होतं, पण जंतू खोटा नव्हता. आणि तो फक्त पाहुण्यांना होत नाही. शेजारच्या खाटेवर आपलीच माणसं असतात.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'हील इन इंडिया'ला चालना देण्याची घोषणा झाली. आमच्याकडेही प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी 'मेडिकल हब' करून देतो. व्हावं की. चार पोरांना काम लागेल. पण परदेशी पेशंट विमानात बसल्यावर त्याची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याही भाषणात ऐकलं नाही. आज बिघडलं तर ग्राहक आयोग आहे. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. पण तक्रारीला मुदत दोन वर्षांची. परदेशात राहून इथे वकील लावायचा, मुखत्यारपत्र करायचं, तारखा घ्यायच्या. ताई म्हणाली, "सोड, दात तर गेलेच."

माझं म्हणणं साधं आहे. बाहेरून येणाऱ्या पेशंटला फाइल हातात दिल्याशिवाय सोडू नये. काय केलं, कुठली वस्तू बसवली, तिची कंपनी, माप आणि बॅच नंबर, कुठली औषधं दिली, सगळं लेखी. इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर येतं, ते फाइलला चिकटवायला किती वेळ लागतो? पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा नियम एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांसाठी २००२ पासून आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे ज्याने त्याने आठवून बघावं. दुसरं म्हणजे पेशंट आणून देणारे एजंट. त्यांचं कमिशन किती, हे पेशंटला आधी कळलं पाहिजे. आणि तिसरं आमच्यासाठी. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून खपवणं आम्ही पत्रकारांनी बंद करावं. माझ्या त्या बातमीला पैसे मिळाले नव्हते, पण दवाखान्याची जाहिरात पुढच्याच आठवड्यात आली. ती कशी आली, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही कळतं.

तुमच्या घरातलं कुणी बाहेरून येऊन इथे उपचार घेणार असेल, किंवा इथून केस लावायला तुर्कस्तानला निघालं असेल, तर तिकीट काढण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगा. हे काम पूर्ण व्हायला शरीराला किती दिवस लागतात? परत गेल्यावर बिघडलं तर तिथला कोणता डॉक्टर बघेल, त्याला आधी विचारलंय का? आणि पुन्हा यावं लागलं तर विमानाचं भाडं धरून हे खरंच स्वस्त पडतंय का? साधी दाढ भरायची असेल, तपासण्या करायच्या असतील, तर जरूर करा. टप्प्याटप्प्याने होणारं काम असेल तर टप्प्यांसाठी सुट्टी काढा, नाहीतर सुरूच करू नका.

ताई या डिसेंबरात पुन्हा येतेय. उरलेल्या दोन दातांचं विचारत होती. मी म्हटलं, ये, लग्नाला ये. दात यावेळी राहू दे.