ठाऊक असलेली माणसे

राजकीय खून पडला की आपल्या तोंडात एक शब्द तयारच असतो : ‘माथेफिरू’. तो उच्चारला की आपण मोकळे. मारणारा वेडा, आपण शहाणे. दहशतवादाच्या अभ्यासकांनी हा आडोसा केव्हाच काढून घेतला आहे. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ सालीच दाखवून दिले, की ही माणसे बहुतेक चारचौघांसारखीच असतात. पुढे पॉल गिल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-युरोपातल्या ११९ एकट्या हल्लेखोरांची माहिती तपासली. त्यांतल्या सुमारे ६४ टक्के जणांनी आपला इरादा घरच्यांपाशी वा मित्रांपाशी आधीच बोलून दाखवला होता.

म्हणजे कुणाला तरी ठाऊक असते.

आपल्याला हे परक्या अभ्यासातून कळायची वेळ यायला नको होती. नोव्हेंबर १९६४. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे सुटले, म्हणून पुण्यात पूजा घातली गेली, सत्कार झाला. तिथे ग. वि. केतकरांनी, लोकमान्यांच्या नातवाने, ‘केसरी’च्या माजी संपादकाने, भर सभेत सांगितले, की गांधींना मारण्याचा विचार गोपाळरावांचा भाऊ, मारेकरी नथुराम आपल्यापाशी आधीच बोलला होता. गदारोळ झाला आणि पुढे न्यायमूर्ती कपूर यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आपण बाळूकाका कानिटकरांमार्फत सरकारला सावध केले होते, असे केतकरांचे म्हणणे. ते खरे मानू. पण त्या दिवशी पूजेला बसलेल्यांचे काय? म्हाताऱ्या, नि:शस्त्र माणसाच्या खुनात ज्याला शिक्षा झाली, त्याच्यासाठी देवापुढे हात जोडताना त्यांना लाज कशी वाटली नाही?

रुईया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मात्र मला वेगळे वाटतात. मदनलाल पाहवाने त्यांना कटाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना ती निर्वासित पोराची बढाई वाटली. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात स्फोट झाला, मदनलाल पकडला गेला आणि दुसऱ्याच दिवशी जैन मुंबईचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे धावले. त्यानंतर नऊ दिवसांनी गांधी गेले. बापूंना वाचवू न शकल्याची खंत त्यांनी पुढे पुस्तकात लिहिली. चूक त्यांच्या हातूनही झाली, पण ती त्यांना बोचत राहिली.

आपल्याला काय बोचते? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी कितीतरी वर्षे ‘याला एकदा धडा शिकवायलाच हवा’ हे वाक्य सुशिक्षित घरांतून चहाबरोबर फिरत होते. ऐकणारे हसत होते, विषय बदलत होते. पिस्तूल दुसऱ्याने चालवले म्हणून ते वाक्य निर्दोष ठरत नाही.

आज तुमच्या घरी जेवता जेवता मुलगा कुणाबद्दल तरी ‘ठोकायला पाहिजे’ म्हणाला असेल. तुम्ही ‘गप जेव’ म्हणालात आणि भाजी वाढलीत. आता तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आहे. उठा. दार लोटा, त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, हे तुला कुणी सांगितले?