गणित डोळ्यांना दाखवा, हातांत द्या

"आमच्या घराण्यांत कोणालाच गणित आलें नाहीं," हें वाक्य पालकांच्या तोंडून आम्हां शिक्षकांस दर वर्षीं ऐकावें लागतें. मुलगा शेजारींच उभा असतो. ज्या विषयाची त्याला अद्याप धड ओळखहि झालेली नाहीं, त्याविषयींचा आपला निकाल तो तेथेंच ऐकून घेतो. हा निकाल अन्यायाचा आहे, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे. दोष बहुधा मुलाच्या बुद्धीचा नसतो, आमच्या शिकविण्याच्या रीतीचा असतो. गणित लोकांना सूत्ररूपानें आधीं भेटतें. वस्तुरूपानें क्वचितच भेटतें.

कुरवंड्याची नागफणी कोणास ठाऊक नाहीं? तेथून घाटांतील आगगाडी दिसते. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या लोहमार्गाचा कमाल चढ ३७ फुटांस १ फूट आहे. एवढें फळ्यावर लिहिलें म्हणजे वर्ग जांभया देतो. म्हणून एकदां आम्हीं मैदानांत ३७ हात दोरी ताणून तिचें एक टोंक हातभर उचललें. "इतकाच चढ?" म्हणून मुलें हंसलीं. मग कर्जतहून येणाऱ्या गाडीला मागून रेटण्यासाठीं जादा इंजिनें कां जोडावीं लागतात, असें विचारतांच हंसें थांबलें. कुरवंड्याचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमची पायवाट तर नीट खालीं उतरते, गाडीला ती कां चालत नाहीं?" उत्तराचा हिशेब वर्गानेंच केला. सुमारें १,८०० फूट उंची या चढानें गांठावयाची, तर साडेबारा मैलांहून अधिक वाट हवी. सर्वत्र कमाल चढ ठेवतां येत नाहीं, म्हणून प्रत्यक्षांत ती सुमारें पंधरा मैल झाली आणि डोंगराला वळसे घालीत आली. त्या दिवसानंतर गुणोत्तर या शब्दाला वर्गांत कोणी भ्यालें नाहीं.

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं विद्वानांपुढें मांडलेली ६१७४ ही संख्या अशीच हातांत घेण्याजोगी आहे. चारहि अंक सारखे नसतील अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून धाकटी वजा करावी. बाकीवर तीच क्रिया करीत जावें. बाकी तीन अंकी आली, तर चौथा अंक शून्य धरावा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. वरचेंच १८६३ घ्या: ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. हें करण्यास पदवी लागत नाहीं. जिला वजाबाकी येते अशी कोणतीहि माता मुलाशेजारीं बसून हें करूं शकते.

कोणी म्हणतील, हा खेळ झाला. परीक्षेंत सिद्धताच लिहावी लागते. खरें आहे. कागदाचे दहा त्रिकोण कापून त्यांचे कोन जुळविले, तरी सर्व त्रिकोणांविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु सिद्धतेची भूक त्या कापाकापींतूनच लागते. हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर आकृत्या आपोआप फिरतात. त्याहि उपयुक्त आहेत. मात्र नुसतें पाहणारें मूल क्षणभर दिपतें आणि विसरतें. आकृतीचा कोपरा त्यानें स्वतः ओढला पाहिजे, आणि ओढण्यापूर्वीं काय होईल तें सांगितलें पाहिजे.

संशयी थोमाला प्रभूनें हांकून दिलें नाहीं. हात लावून पाहण्याची मुभा दिली. आपल्या मुलांनाहि तीच मुभा असावी. पालकहो, घराण्याचा निकाल सांगण्यापूर्वीं या सुट्टींत मुलासह चार वजाबाक्या करून पाहा, अथवा त्याला नागफणीवर नेऊन खालच्या गाडीचे वळसे मोजावयास लावा.